तुम्हाला मेंढपाळ व्हायला आवडेल का?

दहावीला आम्हाला इंग्रजीत मेंढपाळावर एक कविता होती. कवितेखाली प्रश्न होता: तुम्हाला मेंढपाळ व्हायला आवडेल का? कारणांसह लिहा. गाईडमध्ये उत्तर छापलेलं होतं. हो, मला मेंढपाळ व्हायला फार आवडेल, कारण त्याला मोकळी हवा मिळते, त्याला कसली चिंता नसते आणि तो निसर्गाच्या सान्निध्यात राहतो. आमच्या सबंध वर्गाने ते पाठ केलं. त्यात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं होती, नर्स व्हायचं ठरवलेल्या मुली होत्या, आणि मी होते. माझे वडील मेंढपाळच आहेत.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात. सुगी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन निघायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. शाळेसाठी मला मामाच्या घरी ठेवलं होतं. आठवीनंतर माझी शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा इंग्रजीचे सर मोटारसायकलवर मेंढरांचा मुक्काम शोधत आले आणि ढेकळांत बसून वडिलांशी तासभर बोलले. मी आज पदवीधर आहे ती त्या एका तासामुळे. हे मी कधी विसरले नाही, आणि पुढचं लिहिताना त्याचीच अडचण होते.

सर शिकवायचे चांगलं. रोज फळ्याच्या कोपऱ्यात पाच नवे शब्द लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी कुणालाही उठवून विचारायचे. पुस्तकात नाटकाचा एक उतारा होता. त्यातला म्हातारा न्यायाधीश, त्याची भांडखोर बायको, चोर, शिपाई, सगळे सर स्वतःच व्हायचे. न्यायाधीशाच्या बायकोचा आवाज काढला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत यायची. त्या उताऱ्यावर गाईडमध्ये फारसं काही नव्हतं, म्हणून सर तिथे मोकळे असायचे. कविता आली की मात्र गाईड उघडायचं. कवितेचं रसग्रहण, तिच्यातले अलंकार, ती आपल्याला का आवडली, हे सगळं सर सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. मला कविता का आवडली हे मला दुसऱ्याने सांगायचं, यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग एकदा ताडकळसच्या बाजाराला आई-वडील आले. मेंढरं तेव्हा जवळच होती. मी भेटायला गेले. नवीन काय शिकलीस, असं वडिलांनी विचारलं आणि मी हौसेने ती कविता मराठीत सांगितली. मेंढपाळ झाडाखाली आडवा पडून बासरी वाजवतो, ढगांसारखी पांढरी मेंढरं माळावर चरतात, वगैरे.

"सगळीच पांढरी?" वडिलांनी विचारलं.

"हो. तिकडं तशीच असतात म्हणं."

"असतील. अन् ह्यो बासरी वाजवायलाय तर मेंढरं कोण राखायलंय?"

"तसं काय लिहिलं न्हाई, दादा."

"मग गेली असतील कुणाच्यातरी हरभऱ्यात," वडील म्हणाले. "उद्या भांडण हाय त्याचं."

आई म्हणाली, "त्याची बायको कुठं हाय? का मेंढी व्यायली तर कोकरू बी ह्योच बघतोय, पडल्या पडल्या?"

दोघं हसत होते. मला आधी ओशाळल्यासारखं झालं, नंतर राग आला. तो त्यांचा नव्हता, कवितेचा होता.

पुढच्या आठवड्यात चाचणी परीक्षा होती आणि नेमका तोच प्रश्न आला. मी गाईडमधलं लिहिलं नाही. नाही, मला मेंढपाळ व्हायला आवडणार नाही, असं सुरू केलं. माझी आई जानेवारीत उघड्या रानात झोपते. लांडगा आला की वडील काठी घेऊन उठतात. शेतकरी मेंढरं बोलावतो आणि पाणी भरायला गेलं की विहिरीवरून हाकलतो. कवीने मेंढपाळ लांबून पाहिला असावा, जवळ जाऊन त्याला काही विचारलं नसावं. सात वाक्यं होती. लांडगा, काठी, विहीर, हाकलणे, यातला एकेक शब्द सरांच्या फळ्यावरून उचललेला होता. शब्द त्यांचे, पण वाक्यं माझी. मनातलं इंग्रजीत लिहायची माझी ती पहिलीच वेळ. पेपर देताना मी खूश होते.

पेपर परत मिळाला. साती वाक्यांवरून लाल रेघ ओढली होती. तीनपैकी शून्य.

मागच्या बाकावरच्या एकाने माझा पेपर ओढून घेतला आणि वर्गाला सांगितलं, "हिला मेंढरं राखायची न्हाईत म्हणं. इंग्रजीतून राजीनामा दिलाय बापाकडं." सगळे हसले. मैत्रिणीही हसल्या.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत गेले.

"सर, माझं इंग्रजी चुकलं का?"

"किरकोळ चुकलंय."

"मग शून्य कशामुळं?"

"तू कवितेला नावं ठेवलीस. प्रश्न काय हाय, तू लिहायलीस काय?"

"आवडेल का, असं विचारलंय. मला न्हाई आवडणार."

सरांनी डबा बंद केला. "बोर्डाचा पेपर तपासणारा तुझ्या बापाची मेंढरं बघायला येणार हाय का? त्याच्याम्होरं छापील उत्तर असतंय. जुळलं तर गुण, न्हाई तर भोपळा. गाईडचं पाठ कर. जा."

बोर्डाला तोच प्रश्न आला. मी लिहिलं, हो, मला मेंढपाळ व्हायला फार आवडेल. मोकळी हवा, चिंता नाही, निसर्ग. हात थांबला नाही. त्याच वेळी आई-वडील गोदावरीच्या काठी कुणाच्या तरी रानात उन्हात होते. इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. सरांनी वडिलांच्या गळ्यात हार घातला.

त्या लाल रेघेचं पुढे काय झालं, ते कुणाला दिसलं नाही. इंग्रजी घेऊन मी परभणीला बी.ए. केलं आणि पहिली दोन वर्षं एक ओळ स्वतःची लिहिली नाही. आपलं स्वतःचं लिहिलं की शून्य मिळतं, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. तिसऱ्या वर्षाला एका मॅडमनी नोट्स बंद करायला लावल्या आणि एका कवितेबद्दल मनात येईल ते लिहा म्हणाल्या. मी कोरा कागद परत दिला. मॅडमना वाटलं मला येत नाही. मलाही तसंच वाटलं.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन पूर्ण्यालाच राहतात. पाया पडले. त्यांनी सूनबाईला हाक मारून सांगितलं, "मी सांगत होतो ना, ती ही पोरगी." चहा झाला. मग मी विचारलं, "सर, दहावीच्या चाचणीतलं माझं मेंढपाळाचं उत्तर तुम्ही वाचलं होतं का?"

मला वाटलं त्यांना आठवणार नाही.

"वाचलं होतं," सर म्हणाले. "दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत तसं कुणी लिहिलं न्हाई."

"मग रेघ का मारली?"

"चांगलं म्हणलो असतो तर तू बोर्डात तेच लिहिली असतीस. गुण गेले असते, अन् तुझ्या बापाला पुन्हा समजवायला मी कुठल्या तोंडानं गेलो असतो?"

त्यांचं म्हणणं मला समजलं. तेव्हा आमच्या घरी गुणांवरच सगळं अवलंबून होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही मला राग आला. पाच वर्षं मी स्वतःला मुकी समजत होते, आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी बोलले होते.

"दोन्ही सांगता आलं असतं, सर," मी म्हणाले. "पेपरात गाईडचं लिही, अन् हे तुझं चांगलं हाय. दोन गोष्टी ध्यानात ठेवायला मी लहान नव्हते."

सर चहाचे कप गोळा करायला लागले.  मी म्हणाले, "येते," आणि चपला घातल्या.