ब्लाऊजपीस आणि इलेक्ट्रॉन

अकरावीच्या सहामाहीला मी केमिस्ट्रीत साफ आपटले. बाबा लखनौला बँकेत होते, आम्हीही तिथेच राहत होतो. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की फेरपरीक्षेत पास झालीस तर सायन्स, नाहीतर सरळ कॉमर्स. मला तर रडूच फुटलं. घरात एक बँक पुरेशी होती.

घोडं अडलं होतं ऑक्सिडेशन-रिडक्शनपाशी. मास्टरसाहेब मोठ्या अदबीने समजावत की जस्त इलेक्ट्रॉन देतं ते ऑक्सिडेशन, तांबं घेतं ते रिडक्शन, आणि एकावाचून दुसरं होत नाही. मला हे काही केल्या पटेना. द्यायचं त्याने खुशाल द्यावं, समोर घेणारा कशाला हवा?

परीक्षेच्या आदल्याच दिवशी आईने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. आमच्या ओळखीच्या मराठी बायका मोजक्याच, म्हणून ब्लाऊजपीसही मोजकेच. ते कुणीही शिवत नसे. आलेला पीस ट्रंकेत ठेवायचा आणि पुढच्या वेळी दुसरीच्या ओटीत घालायचा. कुठला कुणाकडून आला हे आईला तोंडपाठ होतं. जिचा तिलाच परत जाऊ नये, एवढं एकच पथ्य. आईने गठ्ठा नीट क्रमाने लावला आणि मला बजावलं की मनाला येईल तो नाही, वरचा वरचाच उचलून दे.

पहिल्या आल्या त्या जानकीपुरमच्या काकू. आईने पीस दिला. आईकडचा एक कमी झाला, काकूंकडे एक वाढला. मी बघतच राहिले. समोर ओटी पसरणारी नसती, तर आई पीस हातात धरून दिवसभर उभीच राहिली असती. जितके दिले तितकेच घेतले, नवा एकही नाही. इतके दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते लख्ख कळलं, आणि त्या आनंदात छावणीतल्या मेजरीणबाईंसाठी मी गठ्ठ्याच्या मधलाच जांभळा पीस ओढून दिला.

बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "अगं, हा तर गेल्या साली मीच दिलेला."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकू हळूच मेजरीणबाईंना म्हणाल्या की तुम्हाला तो माझ्याकडूनच आला होता. आणि काकूंना कुणी दिला होता? आईने मान खाली घालून हात वर केला. मग ज्या सगळ्या हसत सुटल्या, की तिळगूळ द्यायचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात रोजच्या जगण्यातलं उदाहरण विचारलं होतं. मी आईला जस्त केलं, मेजरीणबाईंना तांबं, आणि जांभळ्या पिसाचा सगळा प्रवास लिहून टाकला.

मी पास झाले. तपासलेला पेपर परत देताना मास्टरसाहेबांनी मला टेबलाशी बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बेटा, बाक़ी सब समझ में आ गया। बस इतना बता दो, आख़िर इसे सिलवाता कौन है?"

 घरी येऊन मी तेच आईला विचारलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "तुला कॉमर्सलाच घालायला हवं होतं."