ग्रामसभेतली दुभाषी

ग्रामपंचायतीत निर्णय कसे होतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. आमचं घर वडगावचं, मागावर साड्या विणणाऱ्यांचं. धोरण, प्रशासन असले शब्द घरात कुणी बोलत नसे. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी मीटिंगा बघाय जातीया." ते खरंच होतं. सीमाभागात, मच्छेच्या पलीकडच्या एका मराठी बोलणाऱ्या गावात मी प्रत्येक ग्रामसभेला जायची, कोपऱ्यात बसून कोण बोलतं, कोण गप्प राहतं ते टिपायची. माझ्या मार्गदर्शक बाईंची एकच सूचना होती : सभेत आपण तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी विषय होता कचरा वेगळा करण्याच्या शेडचा. जागा सुचवली होती खालच्या गल्लीच्या टोकाला. पंचायतीचे अधिकारी नुकतेच रायचूरकडून बदलून आलेले. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं. एरवी इकडचं बोलणं तिकडं सांगणारे सदस्य लग्नाला गेलेले. बाजारापुरतं कन्नड गावात सगळ्यांनाच येतं, पण त्यात भांडता येत नाही. खालच्या गल्लीतल्या बायका मराठीत बोलत राहिल्या, अधिकारी कन्नडमध्ये नियम वाचत राहिले, आणि ठराव मंजूर व्हायच्या बेतात आला.

तेव्हा पुढं बसलेली एक वयस्कर आक्का मागं वळली. "ए पोरी, तुला कन्नड येतंय न्हवं? मग ऊठ की. सांग त्यास्नी."

मी तशीच बसून राहिले. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मग उठले.

आक्का म्हणाली, "तुमच्या दारात असा उकिरडा केला तर चालंल व्हय? आमची पोरं त्या हिरीचं पाणी पित्यात."

विहिरीजवळ शेड नको अशी यांची विनंती आहे, असं मी कन्नडमध्ये सांगितलं.

"विनंती न्हाय," आक्का म्हणाली. तेवढं तिला कळत होतं. "दाराचं बोलले ते सांग."

सांगितलं. अधिकाऱ्यांनी हातातला कागद मिटला आणि विचारलं, "बावी एल्लिदे?" विहीर कुठं आहे, या प्रश्नाचं मराठी कुणाला करून सांगावं लागलं नाही. बायका वाट दाखवायला निघाल्याही होत्या.

विहीर त्या जागेला अगदी लागून होती. अधिकारी काठावरून वाकून बराच वेळ पाणी बघत राहिले. शेड माळावर न्यायचं, असा ठराव त्याच दुपारी झाला.

विद्यापीठात बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "ही सभा प्रबंधात घेता येणार नाही. त्या निर्णयात तू आहेस." बरोबरच होतं. ठराव बदललेला मी पाहिला तो त्या एकाच सभेत, आणि तीच गाळावी लागली. त्याचं वाईट वाटलं; उठल्याचं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं : गावकऱ्यांच्या बोलण्यानं ठराव बदलल्याचं एकही उदाहरण कसं नाही? मी बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांग." पुढची सगळी परीक्षा त्या सभेवरच झाली.

पदवी मिळाली. शेड माळावर उभं आहे. वाऱ्यानं प्लास्टिक उडून पिकात येतं, अशी आता माळाकडच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. ती पुढच्या ग्रामसभेत येईल.