लोलक, नग एक

सदर महिलेचे नाव जन्नत इसाक होडेकर. वय चौपन्न, वास्तव्य पूर्णगड. वाटपाच्या दिवशी व्यवसाय निरंक. स्थावर मालमत्ता निरंक. जंगम मालमत्ता : झुंबराचा काचेचा लोलक, नग एक, सासरकडून प्राप्त.

'प्राप्त' हा शब्द जरा सभ्य झाला. नवरा इसाक सासऱ्याच्या आधी गेला, त्यामुळे सासऱ्याच्या मागे सुनेला घरात काही येत नव्हतं. कायदा धाकट्या दिराच्या, अझीमच्या बाजूने होता. तेवढ्यावर तो थांबला असता तर ही हकिगत इथेच संपली असती. पण वाटपाला जमलेल्या माणसांसमोर तो स्टुलावर चढला, पणजोबांनी बसऱ्याहून आणलेल्या झुंबराचा एक लोलक काढला आणि भावजयीच्या तळहातावर ठेवला.

"घ्या भाबी, तुमचा वाटा. मागाहून म्हणू नका, अझीमने काय दिलं नाय."

माणसं हसली. जन्नतबी चहा न पिता उठल्या. आमच्याकडे याहून मोठी धमकी अजून निघालेली नाही.

अझीमचा सगळा तोरा त्या झुंबरावर. असा लोलक अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही, हे तो तोंडात घास असलेल्या पाहुण्यालाही ऐकवायचा. जन्नतबींनी ते वाक्य मनावर घेतलं.

भाची तस्नीम रत्नागिरीत रेझिनच्या कीचेन करून विकते. जन्नतबी तिच्याकडे जाऊन बसल्या. लोलकाभोवती पातळ रबर ओतायचं, ते घट्ट झालं की चिरून लोलक बाहेर काढायचा, मग त्या पोकळीत पारदर्शक रेझिन भरायचं. सुरुवातीचे नग बुडबुड्यांनी सोडावॉटरसारखे दिसत. पुढे बुडबुडे गेले, पण कडा बोथट राहिल्या.

"खाला, चांगला झालाय की," तस्नीम वैतागून म्हणाली.

"चांगला नको. त्याचाच पाहिजे."

हात बसला तशी कामं आली. कुणाच्या देवळातली काचेची हंडी, कुणाच्या मशिदीतलं झुंबर. फुटलेल्या लोलकाचा जोडीदार घेऊन पार पालीहून माणसं येतात आणि तसाच दुसरा घेऊन जातात. जुन्या काचेची हिरवट झाकसुद्धा जन्नतबी रंगाचा थेंब घालून आणतात. वर प्रत्येक गिऱ्हाइकाला अझीमच्या नमुन्याचा एक लोलक फुकट. रिक्षावाल्यांना तर न मागता. बघता बघता तो रिक्षांच्या आरशाला, सलूनच्या दाराला, मासळीच्या टेम्पोला लोंबू लागला.

अशात अझीमने झुंबर विकायला काढलं. मुलाला वरचा मजला बांधून हवा होता. जुन्या वस्तूंचा मुंबईचा व्यापारी स्टेशनवरून रिक्षाने आला. त्याने स्टुलावर चढून एक लोलक गालाला लावून पाहिला, गार लागला.

"काच आहे. अस्सल आहे. पण माझं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे नसलेल्या वस्तूचे पैसे देतं. आणि हा तर स्टेशनपासून माझ्या नाकासमोर हलतोय." तो त्याच रिक्षाने परत गेला.

अझीम तडक भावजयीकडे आला. "भाबी, तो साचा फोडा."

"आधी चहा घ्या."

त्याने घेतला. घ्यावाच लागला.

"माझं नुकसान केलंत तुम्ही."

"तुमच्या वाट्याला मी हात नाय लावला, अझीमभाय. माझाच वाढवला." आणि त्यांनी त्याच्या तळहातावर एक ताजा लोलक ठेवला. "सगळ्यांनाच देते. तुम्ही तर घरचे."

झुंबर अजून अझीमकडेच आहे. पाहुण्यांना तो हल्ली पंखा दाखवतो.

जंगम मालमत्तेतला तो अस्सल नग जन्नतबींच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. दार वाऱ्याने उघडतं, म्हणून वजनाला बांधलाय.