समोरच्या बंगल्यातले वकीलसाहेब

गुन्हा करावा तर सांगवीत राहून करावा, असं आमच्या आळीत म्हणतात, ते आमच्या समोरच्या बंगल्यातल्या वकीलसाहेबांमुळे. आरोपी दिसला की या माणसाला मायेचा पाझर फुटतो; मग तो आरोपी माणूसच असायला हवा असंही नाही. त्यांच्याकडे मांजरीनं दूध सांडलं आणि वहिनी लाटणं घेऊन धावल्या, तर साहेब मधे उभे! दूध सांडताना कुणी पाहिलं? मिशा पांढऱ्या आहेत म्हणता, पण त्या जन्मापासून पांढऱ्या आहेत. मांजर निर्दोष सुटली आणि साहेब बिनदुधाचा चहा प्यायले. जेवलात का, असं विचारलं तरी हा गृहस्थ सरळ 'हो' म्हणत नाही. कबुली द्यायची नाही, हा हाडात मुरलेला धंदा.

अशा माणसाला महापालिकेच्या निवडणुकीचं तिकीट मिळालं आणि आमच्या घरावर संकट आलं. माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत कामाला. गेटवरच्या मारामारीत हा भांडण सोडवायला गेला आणि याचंच नाव आरोपींत आलं. नोकरी टांगणीला, ठरलेलं लग्न टांगणीला. त्याचा खटला साहेबांकडे, शेवटच्या युक्तिवादावर आलेला, आणि साहेबांनी जाहीर केलं की निवडून आलो तर काळा कोट खुंटीला! आता करता काय? मी दिवसभर त्यांचा झेंडा घेऊन हिंडायचो आणि आई घरात खंडोबाला विनवायची, देवा, त्यांचं सगळं भलं कर, फक्त निवडून आणू नको.

खंडोबाला फारसे कष्ट पडले नाहीत. आमच्या आळीतल्या कोपरा सभेत गावठाणातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "आमचा रस्ता त्या मागच्या नगरसेवकानंच खाल्ला." तोच आता विरोधात उभा, म्हणून कार्यकर्त्यांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी मात्र गळ्यात नसलेली पांढरी पट्टी सारखी केली.

"आजी, खाताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई बा."

"मग आरोप मागे घ्या."

झालं! पाऊस, गॅसची पाइपलाइन, पाण्याचे टँकर, सगळ्यांवर संशय घेत साहेबांनी आपल्याच विरोधकाला असं काही सोडवलं, की पलीकडे उभी असलेली त्याची माणसं शिट्ट्या वाजवायला लागली. राव, हा आपला उमेदवार का त्यांचा वकील, असं शेजारचा कार्यकर्ता मला विचारत होता. काय सांगणार, कप्पाळ?

साहेब सपाटून पडले. आमच्या घरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि मग एकमेकांकडे बघायची लाज वाटली. पुढच्याच तारखेला ते कोट चढवून उभे राहिले, आणि काय बोलले महाराजा! भाऊ निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो लहान मुलासारखा रडला. आईला राहवेना. तिनं साहेबांचे हात धरले आणि सांगून टाकलं, "साहेब, तुम्ही पडावं म्हणून मीच देवाला साकडं घातलं होतं."

"मावशी, कबुलीजबाब देऊ नका," साहेब म्हणाले. "खंडोबाला साक्षीला कोण बोलावणार?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो, तेही हसले. मग माझ्याच गाडीवर बसून घरी यायला निघाले. आळीच्या तोंडाशी गाडी म्हातारीच्या त्या खाल्लेल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात आदळली, तेव्हा खांद्यामागून हळूच म्हणाले, "रस्ता मात्र मी केला असता हो."

त्याला पुरावा मागायची माझी छाती झाली नाही.