आप्पांसाठी नेलेली बाटली

मी पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा माझे वडील, आप्पा, मला सोडायला मोडनिंबच्या स्टँडवर आले होते. आमची द्राक्षबाग त्यांनी स्वतः लावलेली. शेतीचं कॉलेज करून मी त्याच पिकाच्या कामाला चालले, याचं त्यांना केवढं कौतुक! भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी फ्रान्सला निघालीय. द्राक्षातलं लई कळतं तिला."

फ्रान्समधली ही द्राक्षं खायची नाहीत, वाइनची आहेत, हे त्यांना नंतर फोनवर कळलं. ते एवढंच म्हणाले, "गावात सांगू नगंस."

आज मी दक्षिण फ्रान्समधल्या एका वायनरीत टेस्टर आहे. ग्लास उजेडात धरून रंग बघायचा, हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. इथली रेड वाइन दाट, जवळजवळ जांभळी. आधी पिकल्या जांभळाचा, सुक्या अंजिराचा वास, मग मिरीचा झणका आणि शेवटी हिरड्या आवळणारा तुरटपणा. आता उघडावी की अजून मुरू द्यावी, हे मी सांगते, आणि इथले म्हातारे बागायतदार ऐकून घेतात.

गेल्या दिवाळीला अशीच एक बाटली आप्पांसाठी नेली. कुठल्या बागेचा रस किती मिसळायचा, हे त्या वाइनसाठी मी ठरवलं होतं. वाटलं, घोट नाही तर नाही, निदान वास तरी घेतील. त्यांनी हात लावला नाही. माझा भाऊ संजय ती घेऊन ओसरीवर मित्रांत बसला. स्टीलच्या पेल्यांत ओतून वर सोडा घातला. मला राहवेना. बाहेर जाऊन म्हटलं, "सोडा नको रे. थांब, कशी घ्यायची दाखवते."

"तू आत जा. बाया बसत न्हाईत हितं."

आप्पा तिथंच खाटेवर होते. ते रस्त्याकडं बघत राहिले.

आत आई भाकरी थापत होती. म्हणाली, "कांदा चिरून दे त्यास्नी." पिणारे बाहेर बसले होते आणि पोटासाठी थुंकणारी मी आत कांदा चिरत होते. बाहेर कुणीतरी हसत म्हणालं, "ह्ये तर चढतच न्हाय की!"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "लेक काय करती हो तिकडं?"

माझ्यादेखत आप्पा म्हणाले, "ज्यूसच्या कंपनीत हाय."

माझ्यासारखे बाहेर गेलेले विचारतात, गावी परत कधी जाणार? या दिवाळीचं तिकीट मी काढलेलं नाही. इथल्या भाड्याच्या घराशेजारी कुणाला माझं नाव धड उच्चारता येत नाही, पण मी काय करते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता मी यालाच घर म्हणते. म्हणताना बरं वाटत नाही.