भिंतीकडेचं पिवळं गवत

अंगणातल्या हिरवळीवर भिंतीच्या कडेने पिवळा पट्टा पडू लागला. पाणी वाढवलं, खत घातलं, अळीचं औषधही फवारलं. शेवटी खुरप्याने उकरून पाहिलं, तर माती दगडासारखी घट्ट. पाणी मुरतच नव्हतं, मुळांना श्वास नव्हता. इतकं कोण तुडवतंय, ते कळेना.

मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासरे दिसले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आमच्यादेखत पाऊल उचलायलाही ते संकोचत. आता भिंतीला हात लावून, अनवाणी, एकटेच चालत होते. वळताना तोल गेला. भिंतीला टेकून थांबले आणि पुन्हा निघाले.

मी बाहेर गेले तसे ते ओशाळले. "तुझ्या हिरवळीची वाट लावली गं मी."

"वाट लावली नाही अण्णा, वाट पाडलीत."

गवत आपलं दुखणं निदान पिवळं होऊन सांगतं. माणसं घरातल्यांपासूनही लपवतात, आणि आपण भलतीकडेच औषध फवारत बसतो.

मी सळईने त्या मातीत भोकं पाडली, वर वाळू नि शेणखत पसरलं. "ही कडा आता विसावू दे, अण्णा. उद्यापासून मधून चाला."

"मधे धरायला काही नाही गं."

"मी येते ना."

दुसऱ्या दिवशी ते पायरीवर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून दवाने भिजलेल्या गवतात उतरले. अर्ध्यावर आल्यावर खांद्यावरचा भार हलका झाला, मग उरलाच नाही. मी वळून पाहिलं नाही. तशीच हळूहळू पुढे चालत राहिले.