आत्या बाळूचा श्वास काढून दाखवायची

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कारण परवा दवाखान्यातून आल्यापासून घरात कोणाशी बोलावं तेच कळत नाहीये... माझी आत्या गेली त्याला महिना झाला. मी कॉलेजात होते, शेजारचे काका बोलवायला आले, आणि पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परळला चाळीत ती आमच्याच खोलीत राहायची. माझा धाकटा भाऊ बाळू, तीन वर्षांचा, तिच्याच कुशीत झोपायचा.

बाळूची छाती वाजायची. पण गंमत अशी, की घरी सूं सूं चालू आणि दवाखान्यात पोचलो की साहेब ठणठणीत! डॉक्टर नळी लावून म्हणायचे, "छाती साफ आहे." कधी सर्दी ठरायची, कधी जंत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लालबागला अश्रुधूर सोडला तेव्हा तर अख्खी चाळच खोकत होती, मग दवाखान्यात बाळूच्या छातीचंही खापर धुरावरच फुटलं. आत्या भडकली. "धूर आज इलो! पोराची छाती दिवाळीपासून वाजता!" आणि डॉक्टरांसमोर बसून तिनं चक्क बाळूचा श्वास काढून दाखवला. मान पुढे, खांदे वर, बारीक शिट्टी... बाकावरची माणसं हसायला लागली. आई ओशाळली, "वन्सं, पुरे हो, लोक बघतायत." "बघांदेत मेले! श्वास आपल्या पोराचो हा." डॉक्टर मात्र हसले नाहीत. "पुन्हा करा. शिट्टी श्वास घेताना की सोडताना?" "सोडताना," आत्या म्हणाली. मग त्यांनी समजावलं, एवढ्या लहान पोराला लगेच दमा म्हणता येत नाही, साध्या सर्दीनंही छाती वाजते, काहींची मोठं झाल्यावर वाजायची थांबतेसुद्धा. पुन्हा पुन्हा वाजते का, कशानं वाजते, बघत राहायचं. तेव्हापासून दर खेपेला आत्या श्वास काढायची आणि डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे.

परवा बाळूची छाती परत वाजली. आई कामावर, मीच त्याला घेऊन धावले. पोचेपर्यंत नेहमीसारखाच ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, "आता तू दाखव." मी दाखवलं. मान, खांदे, शिट्टी, अगदी हुबेहूब! डॉक्टरांनी डोळे उघडले. "हे आत्यांचं झालं गं," ते हळूच म्हणाले. "आज बाळूचं कसं वाजत होतं?"

मला सांगताच येईना. त्याच्या पाठीला कान आत्या लावायची, आम्ही सगळे आत्याकडे बघायचो...

आता दुपारी बाळू झोपला की मी त्याच्या पाठीला कान लावून पडते. खोलीत कोणी नसतं. बारीकसं काहीतरी वाजतं, की मलाच वाटतं? आत्याला विचारायला वळते, आणि... तुमच्याकडे झालंय का हो असं? घरातलं माणूस गेलं आणि त्याचं ऐकायचं काम तुमच्यावर आलं? तुम्हाला जमलं का ते?